कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या रोमँटिक कॉमेड्या : नायिका नोकरी काय करते?

धागालेखक : अर्धविराम

हॉलिवूडच्या नेहमीच्या रोमँटिक कॉमेडीत नोकरी हा नेपथ्याचा भाग असतो. नायिका मासिकाची संपादक असते किंवा वास्तुविशारद असते, आणि दोन तासांत तिने काही काम केल्याचे आपल्याला दिसत नाही. १९९५ ते २००६ या काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीय मध्यमवर्गावर जे चित्रपट आले, त्यांत मात्र नोकरीला वेगळे वजन आहे. पात्राच्या प्रेमाआधी त्याचा हुद्दा आपल्याला कळतो, आणि पुढची अर्धी भांडणे त्या हुद्द्याच्या आसपास होतात. हे चित्रपट मी गेली काही वर्षे सवडीने पाहत आलो आहे आणि त्यांविषयी मराठीत फारसे लिहिलेले आढळले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९९१ साली जॉन सिंगलटन यांचा 'बॉइज एन द हूड' आला, १९९३ साली ह्यूज बंधूंचा 'मेनेस टू सोसायटी' आला, आणि दोन्ही चित्रपट चांगले असूनही त्यांच्या यशाचा परिणाम असा झाला की कृष्णवर्णीय तरुण म्हटला की टोळी, बंदूक आणि अकाली मृत्यू हेच कथानक स्टुडिओंना विकण्याजोगे वाटू लागले. गंमत अशी की पुढच्या रोमँटिक लाटेतले चेहरे याच चित्रपटांतून आले. सिंगलटन यांच्या चित्रपटात भर गल्लीत गोळी लागून मरणारा मॉरिस चेस्टनट १९९९ सालच्या 'द बेस्ट मॅन'मध्ये नवरदेव आहे, आणि वधू समोरून चालत येताना तो सगळ्यांसमोर रडतो. 'मेनेस'मध्ये दुकानदाराला थंडपणे ठार मारणारा लॅरेन्झ टेट चार वर्षांनी 'लव्ह जोन्स'मध्ये शिकागोच्या एका क्लबात कविता म्हणतो. निया लाँग तर सिंगलटन यांच्या चित्रपटातही आहे आणि पुढच्या या दोन्ही चित्रपटांतही आहे.

'लव्ह जोन्स' (१९९७, दिग्दर्शक थिओडोर विचर) हा माझा सर्वांत आवडता, कारण त्यातली माणसे निवांत आहेत. डेरियस नोकरी सोडून कादंबरी लिहितो आहे, नीना छायाचित्रकार आहे आणि तिला मनासारखे काम मिळत नाही. मित्रांच्या बैठकीत प्रेम, देव आणि संगीत यांवर लांबलचक वाद चालतात आणि दिग्दर्शकाला त्यांतून लवकर बाहेर पडण्याची घाई नसते. मात्र शेवटी दोघांची ताटातूट होते ती कामामुळेच. नीनाला न्यूयॉर्कमध्ये संधी मिळते, ती आगगाडीत बसते, आणि त्याला स्थानकावर पोहोचायला उशीर होतो. सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार विभागून मिळाला होता, तरी विचर यांनी त्यानंतर दुसरा कथापट दिग्दर्शित केला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

नोकरी आणि प्रेम यांची गाठ सर्वांत नेटकी बसली आहे ती सना हमरी यांच्या 'समथिंग न्यू' (२००६) या चित्रपटात. केनिया मॅक्वीन ही लॉस एंजेलिसमधल्या लेखापालांच्या मोठ्या संस्थेत भागीदारीच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिचे घर संपूर्ण फिकट बदामी रंगाचे आहे, मागचे अंगण ओसाड आहे, आणि तिच्या मनात आदर्श नवऱ्याची पक्की यादी आहे. मैत्रिणीने जुळवून दिलेल्या पहिल्याच भेटीत समोरचा माणूस, ब्रायन, गोरा निघतो, आणि तोही बागकाम करणारा. गोरा असणे अधिक अडचणीचे की बागकाम करणारा असणे, हे चित्रपट बराच वेळ स्पष्ट करत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. कार्यालयात तिचा गोरा ग्राहक तिच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवायला तयार नसतो आणि ते कोणीतरी दुसऱ्याने तपासावेत असे त्याला वाटते. दुप्पट काम करून निम्मी पत मिळण्याच्या या प्रकाराला तिच्या वर्तुळात 'ब्लॅक टॅक्स' म्हणतात. तो विषय ती ब्रायनशी बोलू पाहते तेव्हा तो म्हणतो की आजची एक रात्र हे नको. हे भांडण सुपरमार्केटमध्ये, भाजी-किराणा घेताना होते. दमून घरी आलेल्या बाईला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त गरज असते, ती तो सज्जन माणूसही देऊ शकत नाही, हे इतक्या साध्या प्रसंगातून दाखवणे सोपे नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की या प्रकारातले जे चित्रपट टिकले, ते नोकरीला दागिन्यासारखे न वापरता तिची किंमत मोजणारे आहेत. इतरांचे मत वाचायला आवडेल.

---

रानवारा

धागा आवडला, पण सुरुवात १९९५ पासून धरणे मला पटत नाही. रेजिनाल्ड हडलिन यांचा 'बूमरँग' १९९२ सालचा आहे, आणि तुमच्या प्रतिपादनाला त्याच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. एडी मर्फीचा मार्कस ग्रॅहॅम हा जाहिरात क्षेत्रातला बडा अधिकारी आहे, बायकांच्या बाबतीत निर्ढावलेला आहे, आणि कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाल्यावर ज्या पदाची तो स्वप्ने पाहत असतो त्यावर रॉबिन गिव्हन्सची जॅकलिन येऊन बसते. त्यानंतर तो आजवर जसा वागला तशीच ती त्याच्याशी वागते. संपूर्ण विनोद हुद्द्यांच्या उलटापालटीवर उभा आहे.

त्या वेळी काही समीक्षकांनी अशी तक्रार केली होती की मोठ्या कंपनीत शिपायापासून अध्यक्षापर्यंत सगळेच कृष्णवर्णीय कसे असतील, हे जग खोटे आहे. सगळे गोरे असलेल्या कार्यालयांचे शेकडो चित्रपट तोवर येऊन गेले होते, आणि त्यांच्याविषयी हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. जगभरात १३ कोटी डॉलरच्या आसपास व्यवसाय करूनही त्याच धर्तीवर लगेच दुसरा चित्रपट काढण्याची घाई स्टुडिओंनी केली नाही. ती घाई दिसली तीन वर्षांनी, 'वेटिंग टू एक्झेल'नंतर.

---

तिरकस

चित्रपट मीही पाहिले आहेत, पण इतका जिव्हाळा मला वाटत नाही. यातले अर्धे चित्रपट गृहसजावटीच्या मासिकासारखे दिसतात. प्रत्येकाच्या घरी आफ्रिकी मुखवटे, जॅझच्या तबकड्या आणि उंची मद्य, आणि प्रत्येक जण वकील, डॉक्टर किंवा जाहिरातदार. ई. फ्रँकलिन फ्रेझर या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकातच 'ब्लॅक बूर्झ्वाझी' या पुस्तकात लिहून ठेवले होते की या वर्गाकडे खरी आर्थिक सत्ता नाही, म्हणून तो झगमगाटाचे आणि प्रतिष्ठेचे एक लुटुपुटूचे जग उभारतो. या चित्रपटांनी ते जग पडद्यावर आणले, एवढेच.

'वेटिंग टू एक्झेल' (१९९५) घ्या. टेरी मॅकमिलन यांची कादंबरी, फॉरेस्ट व्हिटेकर यांचे दिग्दर्शन, अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये राहणाऱ्या चार मैत्रिणी. अँजेला बॅसेट नवऱ्याचे महागडे कपडे त्याच्याच गाडीत कोंबून गाडी पेटवून देते, तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे. पण बेल हुक्स या कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिकेने त्या चित्रपटाला नकली स्त्रीवाद म्हटले होते, आणि मला ते पटते. चौघींच्या आयुष्याचा केंद्रबिंदू शेवटपर्यंत पुरुषच राहतो, आणि त्यांच्या कमाईचा उपयोग त्या किती छान राहतात हे दाखवण्यापुरता होतो.

---

सायली_अटलांटा

तिरकस, तुमचा आक्षेप मला समजतो, पण घरांविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण मी ज्या शहरात राहते तिथे हा वर्ग रोज दिसतो. अटलांटाच्या नैर्ऋत्य भागात कॅस्केडच्या परिसरात डॉक्टर, प्राध्यापक आणि धर्मोपदेशक यांची मोठी, झाडीतली घरे आहेत, आणि त्या वस्त्या कृष्णवर्णीयांच्याच आहेत. मोरहाऊस आणि स्पेलमन ही त्यांची महाविद्यालयेही याच शहरात आहेत. लॉस एंजेलिसमधले बाल्डविन हिल्स किंवा वॉशिंग्टनजवळची प्रिन्स जॉर्जेस काउंटी हीही तशीच उदाहरणे. त्यामुळे ही घरे कलादिग्दर्शकाच्या कल्पनेतून आली असे म्हणणे बरोबर होणार नाही.

मात्र त्या घरांखालची जमीन भुसभुशीत आहे, हे तुमचे फ्रेझर बरोबर सांगतात. १९३०च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांच्या नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्यांभोवती लाल रेषा मारल्या आणि तिथे गृहकर्ज मिळणे दुरापास्त झाले. घरविक्रीतल्या भेदभावाला बंदी करणारा कायदा १९६८ साली आला. म्हणजे 'लव्ह जोन्स'मधल्या पिढीच्या आईवडिलांना घर घेताना हा अडथळा प्रत्यक्ष सोसावा लागला होता. मेरी पॅटिलो यांनी शिकागोच्या दक्षिण भागातल्या अशाच एका वस्तीचा अभ्यास 'ब्लॅक पिकेट फेन्सेस' (१९९९) या पुस्तकात मांडला आहे. त्यांचा मुद्दा असा की पगार गोऱ्या मध्यमवर्गाच्या जवळपास पोहोचला तरी साठवलेली संपत्ती पोहोचत नाही, आणि या वस्त्या गरीब वस्त्यांना लागूनच असतात, त्यामुळे पुढची पिढी खाली घसरण्याची भीती कायम राहते.

केनियाच्या बदामी भिंतींकडे मी त्या नजरेने पाहते. तिच्या आईवडिलांनी तिला ज्या सभ्यतेत वाढवले आहे, तिच्यात चुकायला जागा ठेवलेली नाही.

---

अर्धविराम

सायली, ही माहिती धाग्यात हवीच होती. तिरकस, तुमचा आक्षेप चित्रपटांच्या ढिगाला लागू पडतो आणि त्यातल्या बऱ्याच चित्रपटांबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे. पण या वर्गाने स्वतःकडे कधी तिरक्या नजरेने पाहिलेच नाही असे नाही. सलीम अकील यांचा 'जंपिंग द ब्रूम' (२०११) आठवा. मुलगी वकील, घराणे जुने श्रीमंत, लग्न मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या वाड्यात. मुलगा वॉल स्ट्रीटवर कमावता झालेला, पण मूळचा ब्रुकलिनचा, आणि त्याची आई टपाल खात्यात काम करते. ही निवड अभ्यासू आहे, कारण त्या बेटावरचे ओक ब्लफ्स हे गाव कित्येक पिढ्या सुस्थितीतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे उन्हाळी ठिकाण राहिले आहे.

वाद पेटतो तो झाडूवरून. गुलामीच्या काळात गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती, म्हणून जोडप्याने जमिनीवर ठेवलेल्या झाडूवरून एकत्र उडी मारली की लग्न लागले असे समाज मानत असे. मुलाच्या आईला ही प्रथा पाळायचीच आहे, आणि मुलीकडच्यांना ती नकोशी वाटते. अँजेला बॅसेटने रंगवलेली वधूची आई तर आपल्या पूर्वजांकडेच गुलाम होते असे ऐकवते. दोन विहिणींमधला हा सामना इतका जमला आहे की वधूवर बिचारे फिके पडतात. उत्तरार्धात मात्र कुटुंबाचे गुपित फुटते, रडारड होते आणि चित्रपट मालिकेच्या वळणावर जातो.

---

मेघना_आर

या चर्चेत एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. नायिकेची नोकरी जितकी मोठी, तितकी चित्रपटाला तिला 'सुधारण्याची' घाई होते. 'डिलिव्हर अस फ्रॉम ईव्हा' (२००३) मध्ये गॅब्रिएल युनियनची ईव्हा आरोग्य निरीक्षक आहे, हॉटेलवाल्यांना धाकात ठेवते, बहिणींच्या संसारात लक्ष घालते. म्हणून तिचे मेहुणे आणि बहिणींचे मित्र मिळून एका पुरुषाला पैसे देऊन तिच्या प्रेमात पडायला लावतात. शेक्सपिअरच्या जुन्या नाटकाचा हा सांगाडा आहे हे मान्य, पण यशस्वी बाईला माणसाळवण्याची हौस काही जुनी झालेली नाही. स्टीव्ह हार्वी यांच्या सल्ल्याच्या पुस्तकावरून काढलेल्या 'थिंक लाइक अ मॅन' (२०१२) मध्ये तर पुरुष कसा मिळवावा आणि टिकवावा याचे धडेच आहेत, आणि त्याने अमेरिकेत ९ कोटी डॉलरहून अधिक कमावले.

'लव्ह जोन्स'वरही मी जीव टाकला आहे, पण डेरियस नीनाचा पत्ता कसा मिळवतो ते पाहा. तिने तबकड्यांच्या दुकानात दिलेल्या धनादेशावरून तो पत्ता काढतो आणि थेट दारात उभा राहतो. १९९७ साली हे धिटाईचे वाटले असेल, आज मला दार उघडण्याआधी साखळी लावावीशी वाटली.

यात 'समथिंग न्यू' वेगळा ठरतो, आणि तो एका स्त्रीने दिग्दर्शित केला आणि क्रिस टर्नर या स्त्रीने लिहिला, याच्याशी त्याचा संबंध आहे असे मला वाटते. ब्रायन केनियाला केसांना जोडलेले कृत्रिम केस काढायला सुचवतो तेव्हा ती दुखावते आणि चिडते. तिच्या डोक्यावर काय असावे याचा निर्णय चित्रपट तिच्यावर सोडतो.

---

कोल्हापूरचा_प्रेक्षक

मला व्यवसायाच्या अंगाने लिहायचे आहे, कारण ही लाट ओसरली ती प्रेक्षक कंटाळले म्हणून ओसरली असे दिसत नाही. 'वेटिंग टू एक्झेल' १ कोटी ६० लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि एकट्या अमेरिकेत त्याने सुमारे ६ कोटी ७० लाख मिळवले. माल्कम ली यांचा 'द बेस्ट मॅन' ९० लाखांत झाला आणि त्याने ३ कोटी ४० लाखांवर मजल मारली. 'लव्ह जोन्स' मात्र सव्वा कोटीच्या आसपास अडकला. तरीही गुंतवणुकीच्या मानाने ही लाट तोट्याची म्हणता येणार नाही.

अडचण दोन ठिकाणी होती. कृष्णवर्णीय कलाकारांचे चित्रपट परदेशात चालत नाहीत अशी हॉलिवूडची घट्ट समजूत होती, त्यामुळे परदेशी प्रदर्शनावर खर्चच होत नसे, मग तिथून पैसे येत नसत, आणि समजूत आणखी घट्ट होत असे. दुसरे म्हणजे २००८ नंतर डीव्हीडीची विक्री कोसळली आणि मध्यम खर्चाचा चित्रपट हा प्रकारच स्टुडिओंनी टाकून दिला. त्यात सगळ्याच रोमँटिक कॉमेड्या बुडाल्या, गोऱ्यांच्यासुद्धा.

२०१३ साली 'द बेस्ट मॅन'चा दुसरा भाग पहिल्याच आठवड्याच्या शेवटी ३ कोटी डॉलर मिळवून 'थॉर'च्या मागोमाग आला, तेव्हा 'यूएसए टुडे'ने त्याचे वर्णन मथळ्यात 'वंशविषयक चित्रपट' असे केले. नाताळात जुने मित्र एकत्र येतात, भांडतात आणि रडतात, अशी ती गोष्ट. टीका झाल्यावर वृत्तपत्राने मथळा बदलला.

---

जुना_वाचक

मराठी वाचकाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची ओळख विद्रोहातून झाली. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती ब्लॅक पँथरचे नाव समोर ठेवून, आणि त्यानंतर आपल्याकडे जे वाचले आणि अनुवादले गेले तेही बहुतांशी संघर्षाचेच साहित्य होते. त्यामुळे कृष्णवर्णीय नायिका पदोन्नतीची चिंता करते आणि बागेत कोणती फुले लावावीत यावर प्रियकराशी वाद घालते, हे पाहून आपल्यातल्या काहींना जरा चुकल्याचुकल्यासारखे वाटते. मला स्वतःला वाटले.

आपल्याकडे या वळणाचे काही असेल तर ते नीरज घेवान यांनी 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात (२०२३) केले. राधिका आपटेची पल्लवी मेनके अमेरिकेत शिकवणारी प्राध्यापक आहे, लेखिका आहे, कुटुंब बौद्ध आणि मराठी आहे, आणि प्रश्न एवढाच आहे की सासरच्या पद्धतीच्या विधींबरोबर बुद्धवंदनेसह होणारे लग्नही लागणार की नाही. तो भाग हिंदी मालिकेतला एकच भाग आहे. शिकलेल्या, कमावत्या दलित जोडप्याची हलकीफुलकी मराठी प्रेमकथा, जिच्यात कोणाचा खून होत नाही आणि आडनाव लपवावे लागत नाही, मला आठवत नाही. कोणाला आठवत असेल तर जरूर सांगावे.

---

अर्धविराम

जुना_वाचक, मलाही आठवत नाही. 'बूमरँग'च्या वेळी विचारला गेलेला प्रश्न, म्हणजे अशी माणसे असतात का, आपल्या निर्मात्यांच्या तोंडूनही येईल अशी शंका आहे.

कोल्हापूरचा_प्रेक्षक यांच्या मुद्द्याला जोड म्हणून : लाट ओसरली तरी प्रकार संपला नाही, त्याने मुक्काम हलवला. इसा रे यांची 'इनसिक्युअर' ही मालिका २०१६ ते २०२१ या काळात चालली, आणि लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या ज्या वस्त्या पूर्वी फक्त पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत, त्या तिच्यात कॉफी प्यायच्या आणि घरभाड्याची चिंता करायच्या जागा झाल्या. लंडनमध्ये रेन अ‍ॅलन-मिलर यांनी 'राय लेन' (२०२३) केला. नुकतेच प्रेमभंग झालेले दोघे जण पेकहॅम आणि ब्रिक्स्टनच्या रस्त्यांवरून दिवसभर भटकतात, एवढीच त्याची कथा आहे. डोम लेखापाल आहे आणि प्रेमभंगानंतर आईवडिलांकडे राहायला आला आहे. 'लव्ह जोन्स'मधला निवांतपणा मला इतक्या वर्षांनी पुन्हा तिथे सापडला.

---

नवखी_पाहुणी

मी यांतला एकही चित्रपट पाहिलेला नाही. सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

---

मेघना_आर

'समथिंग न्यू' आधी पाहा, कारण त्याला कोणत्याही पूर्वतयारीची गरज नाही. 'लव्ह जोन्स' रात्री, घाई नसताना पाहा आणि त्याची गाणी वेगळी ऐका, लॉरिन हिल आणि मॅक्सवेल दोघेही त्यात आहेत. 'ब्राउन शुगर' (२००२) हिप-हॉपची थोडी आवड असेल तर अधिक भावेल, कारण त्यातल्या दोन बालमित्रांचे एकमेकांवरचे प्रेम आणि त्या संगीतावरचे प्रेम वेगळे काढता येत नाही. 'द बेस्ट मॅन' पाहिलात तर पुढचा भागही पाहावाच लागेल, तेव्हा रुमाल जवळ ठेवा.

---

तिरकस

त्या पुढच्या भागाबद्दल एक गोष्ट मीच लिहितो, कारण ती माझ्या आधीच्या प्रतिसादाच्या विरुद्ध जाते. पहिल्या भागात नवरदेवाच्या मित्रांसाठी नाचायला आलेली कँडेस ही शिक्षणाचा खर्च भागवणारी विद्यार्थिनी असते, आणि मित्रांमधला सर्वांत भिडस्त मर्च तिच्या प्रेमात पडतो. दुसऱ्या भागात दोघांचे लग्न झाले आहे आणि ते एक शाळा चालवतात. तिच्या महाविद्यालयीन दिवसांची एक चित्रफीत इंटरनेटवर फिरू लागते, आणि शाळेचा मोठा देणगीदार हात आखडता घेतो. मर्चलाही ती पाहून धक्का बसतो, आणि तिला नेमके काय विचारावे हे त्याला बराच वेळ कळत नाही. एवढ्या नीटनेटक्या चित्रपटात, इतकी वर्षे इमानेइतबारे शाळा चालवलेल्या बाईची पत एका चित्रफितीने कशी जाते, हे इतके थेट येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. त्या एका उपकथानकासाठी मी तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला, आणि फ्रेझर यांनी तो पाहिला असता तर काय लिहिले असते याचा विचार करत बसलो.